तिसऱ्या अंकातले डोळे

वर्तमानपत्रात माझ्या डोळ्यांचं कौतुक छापून आलं त्या सकाळी माझे डोळे उघडत नव्हते. वरच्या आणि खालच्या पापण्या पिवळट पापुद्र्याने एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. मी बेसिनवर वाकून ओल्या बोटांनी एकेक केस सोडवत होते आणि बाहेर नवरा मोठ्याने वाचत होता, "तिसऱ्या अंकात ही आई शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. बोलतात ते तिचे रडून रडून लाल झालेले, काठोकाठ भरलेले डोळे." मग दारावर टकटक करून म्हणाला, "ऐकलंस का? काठोकाठ!"

ऐकत होते. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

आमची नाटक कंपनी घरचीच आहे. मोठे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, नाटक बसवतात आणि त्यात वकिलाचं कामही करतात. थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्या कपडेपट सांभाळतात आणि कुठे माणूस कमी पडलं की स्वतः उभ्या राहतात. नवरा दिवे बघतो, सासूबाई तिकीटखिडकीत बसतात. मी आई. नाटकातली. मुलावर खुनाचा खटला चालू आहे आणि मी अख्खा तिसरा अंक कोर्टातल्या बाकावर बसून नुसती बघते. अगदी शेवटी न्यायाधीश विचारतात, तुम्हाला काही सांगायचंय का. तेव्हा मी "तो माझा मुलगा आहे" एवढंच म्हणते आणि पडदा पडतो.

या अंकासाठी नवऱ्याने बाकासमोर, प्रेक्षकांना दिसणार नाही असा एक छोटा दिवा जमिनीवर ठेवला होता. तो खालून थेट माझ्या डोळ्यांवर येई. डोळ्यांतलं पाणी त्यात असं चमके की शेवटच्या रांगेतली माणसं रुमाल काढत.

त्या पाण्याची हकिगत मी कुणा टीकाकाराला सांगितली असती तर बिचाऱ्याने पेन टाकून दिलं असतं. पापण्यांच्या कडा कित्येक महिने सुजून लाल झालेल्या. केसांच्या मुळाशी कोंडा. दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर, आणि जरा वारा लागला, जरा उजेड आला की धार. माझं दुखणं तिकिटं खपवत होतं आणि कौतुक होत होतं ते माझ्या कलेचं. आधी मला याचं हसू यायचं. नंतर डोक्यात तिडीक जायला लागली.

घरात प्रत्येकाची अक्कल पाजळून झाली होती. सासूबाई म्हणाल्या, झोप कमी पडते. नवरा म्हणाला, मोबाईल कमी बघ. ताईंनी तर "डोळे आलेत हो हिचे" असं जाहीर करून माझा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला आणि खुंटीजवळून जाताना त्या असा पदर सावरायच्या की मी जणू साथच घेऊन घरात आले आहे. राग गिळून मी औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली. थेंब घातले की चार दिवस छान. थांबवले की लाली दामदुप्पट हजर. पुन्हा बाटली. दुकानदार तर मला बघूनच हात मागे करून बाटली काढायला लागला.

शेवटी एके दुपारी मला माझ्याच तालमीची पानं वाचता येईनात, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली, तेव्हा मी घाबरले आणि डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, डोळ्यांत उजेड सोडला आणि दोन्ही डोळे नीट तपासले. मग विचारलं, "थेंब कुठले घालता?" मी बाटली दाखवली. त्यांनी नाव वाचलं आणि ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"अहो, अर्धी शिल्लक आहे."

"म्हणूनच टाकली. यातलं औषध लाली दाबतं, बरं काही करत नाही. आपल्या मनाने महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, आणि वाढलेला कळतही नाही. आता जरा दुखेल." असं म्हणून त्यांनी खालची पापणी कापसाच्या काडीने दाबली. "पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. दाबलं की पातळ, स्वच्छ तेल यायला हवं. तुमच्या ग्रंथींतून टूथपेस्ट येतेय. तोंडं बुजली आहेत सगळ्यांची."

"डोळ्यात तेल कशाला हवंय?"

"अश्रूंवर त्या तेलाचा थर बसतो, म्हणून ते उडून जात नाहीत. तुमचा थर बिघडलाय. डोळा कोरडा पडतो."

"कोरडा?" मी जवळजवळ ओरडलेच. "बाई, माझ्या डोळ्यांतून धार लागते! लोक तिकीट काढून ती धार बघायला येतात!"

"कोरडा पडतो, चुरचुरतो, मग घाबरून एकदम पाणी सोडतो. ते टिकत नाही, गालावर उतरतं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नाटकात आहात? खोट्या पापण्या लावता? डिंकाने?"

लावत होते. डोळ्याच्या आतल्या कडेवर काळी पेन्सिलही फिरवत होते, आणि ती पेन्सिल कंपनीतल्या सगळ्यांची मिळून एकच होती. दोन प्रयोग लागोपाठ असले की मधल्या वेळात रंग पुसायचा नाही, ही भाऊजींची शिस्त होती. दुसऱ्या प्रयोगानंतर अंगात त्राण नसायचं, मग पुष्कळदा तसंच झोपायचं. हे सगळं मी सांगत गेले आणि बाई कपाळावर आठ्या घालून ऐकत गेल्या.

"हे कुणाला लागतं का हो?" मी विचारलं.

"नाही. पण तुम्हाला जड जाईल. बुबुळावर आत्ताच बारीक ओरखडे दिसतायत. असंच चालू राहिलं तर तिथे डाग पडतील, आणि डाग पडून गेलेली नजर परत आणून द्यायला माझ्याकडे थेंब नाहीत."

"मग बरं कधी होईल?"

"पूर्ण बरं होत नाही. आटोक्यात राहतं. रोज सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं डोळ्यांवर ठेवायचं, निवलं की पुन्हा गरम करून ठेवायचं. आतलं तेल वितळलं की बोटाने हलकेच कडेकडे दाबत आणायचं, मग कडा पुसून काढायच्या. सकाळ-संध्याकाळ."

"रोज? कायमचं?"

"दात किती वर्षं घासताय? एकदाचे घासून संपले, असं कधी झालंय का?"

मला राग आला आणि हसूही आलं. इतक्या महिन्यांत माझ्या डोळ्यांबद्दल खरं बोलणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर मी सगळ्यांना ते समजावून सांगितलं. कागदावर पापणी काढून दाखवली, तिच्यावर ग्रंथींची भोकं काढली. पहिल्यांदा ताईंकडे बघून म्हणाले, "आणि हे लागत नाही. टॉवेल माझा पुन्हा सगळ्यांच्यात टांगा." ताई नुसतं "बरं बाई" म्हणाल्या. भाऊजींनी मात्र जेवण थांबवून लक्ष दिलं. कागद स्वतःकडे ओढला.

"म्हणजे रंग रात्रभर तसाच राहिला तर?"

"तर ही भोकं बुजतात."

"आणि डिंक?"

"तो तर वैरीच."

"आतली पेन्सिल?"

"तीही. सगळं बंद करायचं."

भाऊजी मान हलवत होते. मला किती बरं वाटलं! वाटतं त्याहून यांना जास्त काळजी आहे हो आपली, असं मी मनात म्हटलंसुद्धा. मग त्यांनी विचारलं, "सीझन संपेपर्यंत थांबता येणार नाही का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. टेबलावर दुसरं कुणी हसलं नाही.

मी थांबले नाही. फडकी उकळून ठेवायला लागले, रोज न चुकता शेकायला लागले. डॉक्टरबाईंनी दिलेलं मलम आणि साधे ओलाव्याचे थेंब तेवढे ठेवले. खोट्या पापण्या कपडेपटात परत केल्या. आधी काही फरक दिसेना आणि रोजचा तो उद्योग जिवावर येई, पण हळूहळू सकाळी डोळे आपसूक उघडायला लागले. चुरचुर गेली. एकदा सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला आणि मी ती सुई घेऊन घरभर हिंडले.

नाटकात मी तेच करत होते जे आधी करत होते. त्याच बाकावर बसत होते, पोटच्या पोराकडे बघावं तशी बघत होते. फक्त डोळे स्वच्छ होते.

एका प्रयोगाच्या तिसऱ्या अंकानंतर भाऊजी मेकअपच्या खोलीत आले. वकिलाचा काळा कोटही काढला नव्हता. "काय झालंय तुला? कोरडं करतेयस."

"कोरडं नाही. उलट आता कुठे डोळे ओले आहेत."

"मला तुझं ते डॉक्टरी नको सांगूस. समोरचा माणूस रडत नाहीये. पोस्टरवर तुझे ते डोळे आहेत. लोक ते बघायला येतात आणि तू त्यांना ठणठणीत बाई दाखवतेस."

"मग भाऊजी, इतके प्रयोग मी काय केलं म्हणायचं? ते तिथे बाकावर कोण होतं? मी होते की माझी सूज?"

त्यांनी आरशात बघून टाय सोडला. मी नवऱ्याकडे वळले. तो वायर गुंडाळत दारात उभा होता, आणि सगळ्यांत जास्त माझ्या मनाला लागलं ते तो बोलला ते. "थांबली असतीस सीझनभर. दिवा तोच आहे, तूच बदललीस."

त्या दिव्यावर लाथ मारावीशी वाटली मला. हा माणूस रोज सकाळी माझे चिकटलेले डोळे बघत होता. बुबुळावर डाग पडतील हे त्यानेही ऐकलं होतं. आणि त्याला माझ्या नजरेपेक्षा त्यातली चमक जवळची वाटली! मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही.

आईचं काम ताईंना दिलं. ताईंचं काम मला आलं, कोर्टातल्या कारकुनाचं. समोरच्या टेबलाशी बसून तिसरा अंकभर लिहिण्याचं नाटक करायचं. ताईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कधी विसरणार नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या शेजारीण, परिचारिका, दुकानात आलेली बाई एवढंच करत आल्या होत्या. नवरा कंपनीचा मालक आणि बायकोच्या वाट्याला नेहमी कपड्यांना इस्त्री. मला त्यांचा हेवा वाटला, आणि खरं सांगायचं तर त्यांनी आपटावं असंही वाटलं.

त्या आपटल्या नाहीत. पहिला प्रयोग बेताचा झाला, पण पुढे पुढे त्यांच्या पापण्या लाल दिसायला लागल्या, आणि एका प्रयोगाला तर धारच लागली. मी समोरून बघत होते. प्रेक्षागृहात नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मी हातातला टाक खाली ठेवून बघत राहिले. म्हटलं, असेल. असेल यांच्यात काहीतरी जे माझ्यात नव्हतं.

पुढच्या प्रयोगाला मी लवकर गेले. मेकअपच्या खोलीचं दार लोटलं आणि नाकात झणकन वास गेला. डोकं दुखलं की कपाळाला चोळतात त्या बामचा. ताई आरशापुढे बसून करंगळीने तो बाम खालच्या पापणीच्या कडेला लावत होत्या. डोळा लालबुंद, तोंड वेडंवाकडं, दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली.

"ताई! काय करताय हे?"

"दार लाव," त्या म्हणाल्या. "पहिल्या अंकात मला काम नाही. तिसऱ्यापर्यंत बरोबर चढतं."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. केसांच्या मुळाशी कोंडा होता. माझा होता तसाच. कडांवर आदल्या दिवशीचा काळा रंग खरपुडीसारखा बसला होता आणि डिंकाचे वाळके गोळे केसांत अडकले होते.

"रंग पुसत नाही का तुम्ही?"

"ह्यांनी सांगितलंय, पुसायचा नाही. पेन्सिल आतून फिरवायची. पापण्या काढायच्याच नाहीत. सीझनपुरतं आहे गं, मग सोडून द्यायचं." त्यांनी ओठ दाबले. "तुझं बघून वाटलं होतं, आपोआप होईल. होईना. मग मी तुझा टॉवेलसुद्धा वापरला. धुवायला टाकलेला काढून डोळ्यांना चोळला. तरी लागलं नाही मेलं."

जेवणाच्या टेबलावर मी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते ते भाऊजींनी स्वतःच्या बायकोला करायला लावलं होतं. रंग रात्रभर, डिंक, पेन्सिल. त्या रात्री मान हलवत ते प्रश्न विचारत होते ते यासाठी! मी कौतुकाने पापणीचं चित्र काढून दिलं आणि या माणसाने त्यातून आजार कसा करायचा ते शिकून घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि ही बाई! माझ्या टॉवेलाला हात लावायला घाबरणारी ही बाई माझं दुखणं चोरायला न्हाणीघरात जाऊन तोच टॉवेल डोळ्यांना चोळते! एवढं हवं होतं तिला ते काम. तिला काय हवंय हे या घरात कुणी कधी विचारलंही नव्हतं, मीसुद्धा नाही.

"उठा," मी म्हटलं. "बेसिनपाशी या."

"अगं, पहिली घंटा झाली."

"होऊ दे."

गरम फडकं आत्ता कामाचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. बाम आधी निघायला हवा. मी कापसाने कडा पुसून काढल्या आणि साध्या पाण्याचे तांब्यावर तांबे त्यांच्या उघड्या डोळ्यांवर ओतले. त्या कळवळत होत्या. खांदे भिजले, आईचं करडं लुगडं भिजलं, जमिनीवर काळं पाणी वाहायला लागलं. मग मी त्यांना खुर्चीत मागे टेकवून बसवलं आणि थंड ओलं फडकं डोळ्यांवर ठेवलं. "उद्या सकाळी डॉक्टरबाईंकडे जायचं. मी येतेय बरोबर."

"काम जाईल माझं," त्या फडक्याखालून म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुझं गेलं तसं."

खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी त्यांचा हात धरून नुसती उभी राहिले.

दुसरी घंटा झाली आणि भाऊजी आत आले. वकिलाचा कोट, हातात फाइल. त्यांनी जमिनीवरचं पाणी बघितलं, मग फडकं. "हे काय चाललंय? अगं, पुसलंस की काय सगळं?"

"मी पुसलं," मी म्हटलं. "आणि आता पुन्हा काही लावू देणार नाही. आंधळी करायचीय का त्यांना?"

"तू मधे पडू नकोस. तुझं काम गेलं म्हणून जळतेयस." ते खुर्चीजवळ गेले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "अगं ऊठ. अजून तिसऱ्या अंकाला वेळ आहे. थोडा बाम लावून घे. लोकांनी काल उभं राहून टाळ्या दिल्या तुला. इतक्या वर्षांत कुणी दिल्या होत्या?"

हे त्यांना बरोबर माहीत होतं, कुठे बोट ठेवायचं ते. मला वाटलं, संपलं. आता या उठणार.

ताई उठल्या. फडकं काढून मांडीवर ठेवलं. डोळे सुजून बारीक झाले होते, नीट उघडत नव्हते. चाचपडत त्यांनी टेबलावरून बामची डबी उचलली, उघडली आणि बोटावर चांगला गोळा घेतला. माझ्या तोंडून "ताई, नको" निघालंच.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिसऱ्या अंकात वकिलाचंही मोठं भाषण आहे की. शेवटी त्याचाही गळा दाटून येतो. तुमचे डोळे मात्र कधी ओले झालेले मी बघितले नाहीत. या, खाली वाका जरा. मी लावते."

आणि त्यांनी ते बोट भाऊजींच्या डोळ्याकडे नेलं.

भाऊजींच्या हातातली फाइल खाली पडली. दोन्ही हात चेहऱ्यावर घेऊन ते मागे सरले, ओल्या फरशीवर घसरले आणि दाराच्या चौकटीला धडकून तिथेच थांबले. "वेड लागलंय का तुला!" ते ओरडले. "डोळा आहे तो!"

ताई तशाच उभ्या होत्या, बोट पुढे धरून.

"हो ना," त्या म्हणाल्या.

बाहेर प्रेक्षक खुर्च्यांवर बसल्याचे आवाज येत होते. भाऊजींनी चेहऱ्यावरचे हात काढले आणि ते त्यांना कुठे ठेवायचे ते कळेना. ताईंनी बोट कापसाला पुसलं, पुन्हा खुर्चीत टेकल्या आणि माझ्याकडे हात केला. मी फडकं गार पाण्यातून पिळून त्यांच्या हातात दिलं.